ट्रॉली ट्रॅक्टरला तेवढ्याच जोरानं मागे ओढते, मग पुढे जाते कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत आहे. दारावरून उसाचा ट्रॅक्टर जाताना तिनं विचारलं, "बाबा, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलानं ओढतो तेवढ्याच बलानं ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते. म्हणजे बेरीज शून्य. मग गाडी हलते कशी?" तुम्ही म्हणालात, ट्रॅक्टरचा जोर थोडा जास्त पडत असेल. तिनं पुस्तक उघडून 'समान' या शब्दावर बोट ठेवलं. "ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात" हे शाळेतलं उत्तर तिला पाठ आहे, पण पटलेलं नाही. आता तुम्हालाही पटेनासं झालंय.

मी कोल्हापुरात तीसेक वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. वर्गात साठ-सत्तर पोरं असायची आणि हा प्रश्न तोंडानं विचारणारं वर्षाला एखादंच निघायचं. बाकीची नियम लिहून मार्क घेऊन पुढे जायची आणि बारावीत कप्पी-दोरीच्या गणिताला आपटायची. मुलीची शंका न्यूटनच्या नियमाइतकीच जुनी आहे. १६८७ सालच्या ग्रंथात न्यूटननं तिसरा नियम मांडला, म्हणजे प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते, आणि लगेच खाली उदाहरण दिलं ते दोरीनं दगड ओढणाऱ्या घोड्याचं. घोडा दगडाला ओढतो तसाच दगडाकडे मागेही ओढला जातो, असं तो लिहितो. तुमच्याकडे घोड्याच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढंच.

खरी अडचण अशी की इथं दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हुकाशी दोन्हीकडची बलं समान असतात का, हा एक. ट्रॅक्टर जागचा हलेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायम 'हो'. दुसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर, आणि ते हुकाशी शोधून सापडत नाही, चाकाखाली सापडतं. तुम्ही दुसऱ्याचं उत्तर द्यायला पहिल्यालाच धक्का लावलात. बहुतेक जण तेच करतात, वाईट वाटून घेऊ नका.

आधी पहिला प्रश्न. याला माझ्या मते आपल्या पुस्तकातले शब्दच थोडे आडवे येतात. 'प्रतिक्रिया' म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? कुणीतरी काही बोललं, मग दुसऱ्यानं त्यावर काही म्हटलं. म्हणजे एक आधी, एक नंतर. एक मूळ, एक उत्तरादाखल. पोरांना वाटतं ट्रॅक्टर आधी ओढतो, मग ट्रॉली जरा दमानं, नाइलाजानं मागे ओढते. तसं काही नसतं. टाळी वाजवताना कुठल्या हातानं मारलं आणि कुठल्या हातानं खाल्लं? दोन्ही तळव्यांना एकाच क्षणी, सारखंच लागतं. दोघांपैकी कुणालाही क्रिया म्हणा, दुसरी आपोआप प्रतिक्रिया ठरते. म्हणून मी वर्गात हे दोन शब्द फळ्यावर एकदाच लिहायचो, परीक्षेसाठी. एरवी म्हणायचो, 'अ'नं 'ब'ला ढकललं आणि 'ब'नं 'अ'ला ढकललं.

ही 'समान' गोष्ट सांगून पटत नाही, हातानं करून बघावी लागते. बाजारात बॅगा तोलायचे हुकाचे छोटे डिजिटल काटे मिळतात. मी तसले दोन आणले होते. हुकात हूक अडकवायचा, एक काटा एकाच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. एका वर्षी वर्गात तालमीत जाणारा एक दांडगा पोरगा होता. त्याच्यासमोर मी मुद्दाम वर्गातला सगळ्यात किडकिडीत मुलगा उभा केला आणि म्हटलं, तुझ्या काट्यावर याच्यापेक्षा जास्त आकडा काढून दाखव, मिसळ माझ्याकडून. त्यानं ओढलं. किडकिडीत पोरगा फरशीवरून फरफटत त्याच्याकडे आला, वर्ग हसला. आकडे बघितले तर दोन्हीकडे सात किलोच्या आसपास, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. पैलवान म्हणाला, "सर, काटा गंडलाय." काटे बदलून दिले. पुन्हा तेच, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक मात्र आता उलट बाजूला गेला. म्हणजे तो फरक काट्यांचा होता, माणसांचा नव्हता. मग त्यानं किडकिडीत पोराला बाकाला पाय लावून बसायला सांगितलं आणि पुन्हा ओढलं. आता आकडे वीसच्या वर गेले, पण दोन्हीकडे. मिसळ मी दोघांनाही दिली ती गोष्ट वेगळी.

या प्रयोगातली शेवटची पायरी नीट बघा. समोरचा सुटा उभा होता तेव्हा पैलवानाला जास्त जोर लावताच आला नाही. तुम्ही किती जोरानं ओढू शकता हे समोरचा किती अडून बसतो यावर ठरतं. उघड्या, सैल दारावर खांदा टाकून बघा, जोर वाया जातो आणि आपणच पुढे जाऊन पडतो. बल एकट्याचं नसतंच, दोघांत मिळून एक असतं.

घरी करायचं असेल तर दोन काटे बास. डिजिटल काटा आकडा स्थिर झाल्यावरच पक्का करतो, तेव्हा हिसका न देता दोन-तीन सेकंद धरून ओढा.

आता दुसरा प्रश्न, गाडी हलते कशी. इथं मी एक युक्ती वापरायचो, तिचं नाव पोरांनीच 'रिंगण' ठेवलं. ज्या वस्तूचं काय होणार हे विचारायचंय, तिच्याभोवती खडूनं एक रिंगण आखायचं. मग रिंगणाच्या बाहेरून आतल्या वस्तूवर जी बलं येतात तेवढीच मोजायची. आतल्या वस्तूनं बाहेरच्यांवर लावलेली बलं हिशेबात धरायची नाहीत. ती दुसऱ्याच्या खात्यात जातात. माझ्या खिशातून तुम्हाला शंभर रुपये गेले तर माझ्या वहीत वजा शंभर, तुमच्या वहीत अधिक शंभर. दोन्ही वह्या एकत्र करून 'व्यवहारच झाला नाही' असं कुठला दुकानदार म्हणेल? तुमच्या मुलीनं नेमकं तेच केलंय.

आकडे घेऊ. ते सोयीचे घेतलेत, पण फार अवास्तव नाहीत. ट्रॅक्टर २,००० किलोचा. भरलेली ट्रॉली ८,००० किलोची. ट्रॉलीच्या चाकांना रस्त्याचा विरोध १,००० न्यूटन. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी रस्त्याला मागे रेटलं आणि रस्त्यानं ट्रॅक्टरला ६,००० न्यूटननं पुढे रेटलं. ट्रॅक्टरचा स्वतःचा किरकोळ विरोध सोडून देऊ.

पहिलं रिंगण दोघांभोवती मिळून. बाहेरून पुढे ६,०००, मागे १,०००, शिल्लक ५,००० न्यूटन. एकूण वस्तुमान १०,००० किलो. बलाला वस्तुमानानं भागलं की त्वरण, म्हणजे वेग वाढायचा दर, मिळतो. इथं ते ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हुकाचा उल्लेखही आला नाही, कारण हूक रिंगणाच्या आत आहे.

दुसरं रिंगण फक्त ट्रॉलीभोवती. ८,००० किलोला ०.५ त्वरण द्यायला ४,००० न्यूटन शिल्लक राहायला हवेत, रस्ता १,००० मागे ओढतोय, म्हणजे हुकाकडून ५,००० न्यूटन पुढे आले पाहिजेत.

तिसरं रिंगण फक्त ट्रॅक्टरभोवती. रस्त्याकडून पुढे ६,०००. ट्रॉली मागे ओढते, किती? बरोबर ५,०००. उरले १,००० न्यूटन. २,००० किलोला १,००० न्यूटन म्हणजे त्वरण पुन्हा ०.५. तिन्ही रिंगणांचा ताळा जमला.

मुलीला इथं थांबवून विचारा, ट्रॅक्टर पुढे का गेला? ५,००० पेक्षा ५,००० मोठे होते म्हणून नाही. रस्त्याचे ६,००० हे ट्रॉलीच्या ५,००० पेक्षा मोठे होते म्हणून. ही दोन्ही बलं ट्रॅक्टरवरच आहेत, आणि एकमेकांची जोडीदार मुळीच नाहीत. 'दोन वेगळ्या वस्तूंवर' हे शाळेतलं उत्तर बरोबरच होतं, पण अर्धं. मग ट्रॅक्टरवर दुसरं कोण जोर लावतंय, हा उरलेला अर्धा भाग तिला कुणी सांगितला नाही.

हाच ट्रॅक्टर पुढे सपाट डांबरी रस्त्यावर एकाच वेगानं चालला की त्वरण शून्य. तेव्हा हुकाशी १,००० आणि १,०००, चाकाखालीही १,०००. ब्रेक मारला तर ट्रॉली मागून ढकलू लागते, तरी जेवढं ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते तेवढंच ट्रॅक्टर ट्रॉलीला मागे. वेग वाढो, कमी होवो, गाडी उभी असो, जोडी समानच.

आणि रुतली तर? आमच्याकडे शिरोळ भागात फडातून ऊस बाहेर काढायची पाणंद ओली असली की भरलेली ट्रॉली जागेवरच अडते. मोठी चाकं गरगर फिरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी तसूभर सरकत नाही. एकदा मामाच्या रानात मी शहाणपणा करायला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ उभा राहिलो आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलो. चाक जमिनीला कुठल्या दिशेला ढकलतं हे त्या दिवशी कायमचं कळलं. चिखल मागे उडतो, कारण चाक त्याला मागे रेटतं. चिखलही चाकाला पुढे रेटतो, तेवढ्याच बलानं, पण तो घसरून निघून जातो, त्यामुळे ते बलच तोकडं असतं. इंजिनात ताकद भरपूर होती, पण अडून उभं राहणारं कुणी समोर नव्हतं. पैलवान आणि किडकिडीत पोरगा आठवा. मग टोळीतल्या माणसांनी काय केलं, तर चाकाखाली पाचट कोंबलं. पाचटानं ट्रॅक्टरची ताकद वाढली नाही आणि ट्रॉलीचं ओझंही कमी झालं नाही. फक्त घर्षण वाढलं, जमीन जास्त जोरानं पुढे रेटू शकली आणि गाडी निघाली. ऊसतोड करणारी माणसं तिसरा नियम न लिहिता वापरत होती.

रस्सीखेचीतही हेच. दोर हलका असेल तर दोन्ही संघ दोराकडून सारखाच ताण खातात, जिंकणारा आणि हरणाराही. जिंकतो तो पायांनी जमिनीला जास्त रेटणारा. गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेले दांडगे आणि समोर अनवाणी लहान पोरं अशी खेच लावून बघा. कुस्तीच्या शौकिनांना वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबागेत दोन मल्ल खडाखडी करून भिडतात, तेव्हा मोठा मल्ल लहानाला जेवढा रेटतो तेवढाच लहान मोठ्याला. मागे कोण सरकणार ते पायाखालची तांबडी माती, पायातलं अंतर आणि कंबर किती खाली आहे यावर ठरतं. डावपेचांचं शास्त्र याहून पुष्कळ मोठं आहे, पण नियम तिथंही मोडत नाही.

"मग ज्याला जास्त लागलं त्याच्यावर जास्त बल आलं असणार" ही समजूतही याच प्रश्नाच्या शेजारी राहते. ट्रक आणि मोपेडची धडक झाली की सगळे म्हणतात ट्रकनं जास्त जोरात मारलं. नाही. दोघांवर बल सारखंच. मोपेडचं वस्तुमान कमी म्हणून तिचा वेग भयानक बदलतो, ट्रकच्या ड्रायव्हरला धक्का जेमतेम जाणवतो. जोतिबाला पायरीवर नारळ आपटता तेव्हा पायरीलाही नारळाइतकंच लागतं. फुटतो नारळ, कारण ते सोसायची त्याची ताकद दगडापेक्षा कमी. बल सारखं असलं म्हणून परिणाम सारखा होत नाही. नृसिंहवाडीला नावेतून घाटावर उडी मारणाऱ्यानंही हे अनुभवलेलं असतं. आपण पुढे जातो, नाव मागे सरकते, आणि नाव जेवढी रिकामी-हलकी तेवढी जास्त मागे पळते.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या मुलीच्या वहीतही असण्याची दाट शक्यता आहे. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचं बल वर, दोन्ही समान, दिशा विरुद्ध. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं मी पहिली चार-पाच वर्षं बेधडक शिकवलं. ते चूक आहे. एका पोरीनं विचारलं, "सर, दोन्ही बलं तर पुस्तकावरच आहेत. तुम्हीच म्हणता जोडी वेगळ्या वस्तूंवर असते." मी तास संपेपर्यंत काहीतरी गोलमाल बोललो आणि त्या रात्री स्वतः बसून नीट वाचलं.

तेव्हापासून मी 'उलटवाक्य' ही कसोटी देतो. बलाचं वाक्य पूर्ण लिहायचं, कोण कुणाला काय करतंय. 'पृथ्वी पुस्तकाला ओढते.' आता फक्त नावं उलटी करा, क्रियापद तेच ठेवा. 'पुस्तक पृथ्वीला ओढतं.' ही झाली खरी जोडी. 'टेबल पुस्तकाला ढकलतं' याची जोडी 'पुस्तक टेबलाला ढकलतं'. वाक्यात तिसऱ्याच कुणाचं नाव आलं, किंवा क्रियापद बदललं, तर ती जोडी नव्हे.

अर्धा किलोचं पुस्तक पृथ्वीला खरंच वर ओढतं, सुमारे ४.९ न्यूटननं. पृथ्वीचं वस्तुमान साधारण ६ वर २४ शून्यं इतके किलो असल्यामुळे त्वरण येतं ते दशांशचिन्हानंतर २४ शून्यं आणि मग ८. कुणाला दिसणार?

मग टेबलावर वजन आणि टेबलाचं बल समान का होते? पुस्तक स्थिर होतं म्हणून. वेग बदलत नसेल तर वस्तूवरच्या बलांची बेरीज शून्य, हे न्यूटनच्या पहिल्या-दुसऱ्या नियमाचं देणं. सोक्षमोक्ष लावायचा असेल तर लिफ्टमध्ये चढा. तुम्ही ६० किलोचे आहात, वजन ५८८ न्यूटन. लिफ्ट वर निघताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर तळ तुम्हाला ६४८ न्यूटननं वर रेटतो. ५८८ आणि ६४८ समान राहिले नाहीत, त्यामुळे ती जोडी नव्हती हे उघड झालं. तुमचे पाय तळाला किती रेटतात? ६४८. ही जोडी लिफ्टमध्येही तुटली नाही. खऱ्या जोडीची हीच ओळख.

शिकलेल्या माणसांनाही हा नियम चकवतो. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं गोडार्ड या रॉकेटवाल्या शास्त्रज्ञाची अग्रलेखात टिंगल केली, की निर्वात पोकळीत रॉकेट रेटणार कशाला? खरं तर आतला वायू मागे फेकला जातो, रॉकेट वायूला मागे ढकलतं आणि वायू रॉकेटला पुढे. बाहेर हवा असण्याची गरजच नाही. चुकीची दुरुस्ती त्या पेपरनं छापली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या सांगून टाकतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये जड साखळी असेल आणि वेग वाढत असेल, तर साखळीच्या दोन टोकांना ताण वेगळा येतो. त्यानं नियम मोडत नाही, साखळी ही तिसरी वस्तू झाली, तिच्याभोवती वेगळं रिंगण आखायचं. चालताना किंवा ट्रॅक्टर पळताना जमीन पुढे रेटते हे खरं, पण ऊर्जा जमिनीची नव्हे, ती डिझेलची किंवा आपल्या पोटातल्या भाकरीची. आणि पुढे कधी ती पदवीला विद्युतभारांचा अभ्यास करू लागली, तर पळणाऱ्या भारांच्या बाबतीत हा नियम इतक्या साध्या रूपात चालत नाही असं तिला दिसेल. तिथं क्षेत्राचा संवेगही हिशेबात धरावा लागतो. शाळेत त्याची काही गरज नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलीच भाषा लिहू दे. रिंगण आणि उलटवाक्य कच्च्या कागदावर.

तिला नीट समजलं का हे बघायला नियम विचारू नका. हे विचारा. आडातून भरलेली बादली शेंदताना दोर मधेच तुटला. बादली आत पडताना पृथ्वी तिला ओढतेय. या बलाची जोडी कुठली, आणि दोर तुटल्यावर ती नाहीशी झाली का? तिनं उत्तरात दोराचं नाव घेतलं तर चुकलं म्हणू नका. 'पृथ्वी बादलीला ओढते' एवढं वाक्य वहीत लिहायला सांगा आणि नावं उलटी करायला लावा.